डाग दिसला की लगेच ‘औषध’?

ऑर्किड हे आता फक्त मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत दिसणारं फूल राहिलेलं नाही. वाढदिवसाला, गृहप्रवेशाला, लेकीच्या पहिल्या पगाराची भेट म्हणून जांभळ्या-पांढऱ्या फुलांची कुंडी घरी येते. महिना-दोन महिने फुलं टिकतात, येणारा-जाणारा कौतुक करतो. मग फुलं गळतात, पावसाळा लागतो आणि एका सकाळी पाणी घालताना पानावर काळा डाग दिसतो. पहिल्या दिवशी मसुराएवढा. चार दिवसांनी रुपयाएवढा.

इथून पुढचं बहुतेक घरांत सारखंच घडतं. डागाचा फोटो काढायचा, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा. दहा मिनिटांत बारा उत्तरं. ‘पाणी जास्त झालंय.’ ‘छे, पाणी कमी पडतंय.’ ‘ताक शिंपड.’ ‘हळद लाव.’ ‘बुरशी आहे गं, पावडर मार.’ मग कुणीतरी नर्सरीत किंवा खत-औषधांच्या दुकानात जातं. दुकानदार झाड बघत नाही, फोटोही नीट बघत नाही. मागच्या फळीवरून पुडी काढतो आणि सांगतो, ‘हे मारा ताई, सगळ्यावर चालतं.’

‘सगळ्यावर चालतं’ या दोन शब्दांवरच माझा आक्षेप आहे.

घरात मूल तापानं फणफणलं आणि डॉक्टरांनी ताप कधीपासून आहे, खोकला आहे का, अंगावर काही उठलंय का, यातलं काहीही न विचारता गोळ्या लिहून दिल्या, तर आपण त्या डॉक्टरांची पायरी पुन्हा चढणार नाही. मग झाडाच्या बाबतीतच एवढी घाई का? काळा डाग हे रोगाचं नाव नाही. ‘ताप’ म्हणण्याइतकंच ते मोघम आहे. त्यामागे बुरशी असेल, जिवाणू असतील, विषाणू असेल, ऊन असेल, खताचा क्षार असेल. किंवा काहीच नसेल!

आधी ओला कपडा फिरवा

हो, काहीच नसेल. ऑर्किडच्या फुलांच्या दांड्यावर, कळ्यांच्या देठाशी मधासारखे चिकट थेंब येतात. ते झाडच सोडतं. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असली तर तीही असाच चिकट पाक सोडते. त्यावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी वाढते. विदर्भात संत्र्याच्या बागा असणाऱ्यांना ती ‘कोळशी’ म्हणून ठाऊक आहे. ही बुरशी पानात शिरत नाही, पानावर बसते. ओल्या फडक्यानं पुसली की निघते. तेव्हा पहिली तपासणी हीच. डाग पुसला जातो का? गेला, तर बुरशीच्या मागे न लागता पानाच्या मागच्या बाजूला आणि देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले दिसतात का, ते शोधा. मुंग्यांची रांग दिसली तर ती बरोबर त्याच ठिकाणी घेऊन जाते.

डेंड्रोबियमचं खोड उसासारखं पेरापेरांचं असतं. त्याच्यावरचं पातळ सालपट जुनं झालं की तपकिरी, काळपट होतं आणि कागदासारखं सुटतं. हा रोग नाही, म्हातारपण आहे. काही डेंड्रोबियमच्या नव्या खोडांवर बारीक काळे केस असतात, ते त्या जातीचं लक्षणच. भरपूर उजेडातल्या काही ऑर्किडच्या पानांवर जांभळट ठिपके उमटतात, तेही झाडानं उन्हाला दिलेलं उत्तर. आणि सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं एखादं पान पिवळं पडून गळलं तर समजावं, त्याचे दिवस भरले. अशा झाडावर पावडर मारणं म्हणजे आजीच्या सुरकुत्यांवर मलम लावण्यासारखं.

डाग कोरडा की ओला?

पुसून निघाला नाही, तर दुसरा प्रश्न. बोटाला तो कसा लागतो?

कोरडा, खरखरीत, कागदी लागला तर जीव भांड्यात पडू द्या, घाई नाही. पावसाळ्याचे चार महिने घरात किंवा गॅलरीच्या आतल्या बाजूला ठेवलेली कुंडी आपण ऑक्टोबरमध्ये एकदम कठड्यावर नेतो. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन काय असतं, ते सांगायला नको. पानाचा जो भाग उन्हाकडे असतो तोच आधी पांढुरका पडतो, मग तपकिरी-काळा होतो. खालची, सावलीतली पानं ठणठणीत. हा उन्हाचा चटका. तो पसरत नाही, एका पानावरून दुसऱ्यावर जात नाही. औषध एकच, कुंडी मागे घेणं. शेजाऱ्यांच्या एसीचा गरम झोत झाडावर येत असेल, तर तोही बघा.

पानांची फक्त टोकं काळी पडत असतील, तर मुळांकडे आणि कुंडीतल्या कोळशा-विटांकडे नजर टाका. त्यांच्यावर पांढरा थर दिसला तर तो क्षार आहे, बोअरिंगच्या पाण्याचा किंवा आपण मायेनं जास्त दिलेल्या खताचा. काही दिवस साध्या पाण्यानं भरपूर धुवून काढलं की नवी पानं स्वच्छ येतात.

टोकाकडून आत सरकणारा तपकिरी पट्टा, त्यात एकाआड एक गडद रेघा आणि टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसले, तर तो करपा. आंब्याच्या मोहरावर आणि फळावर येतो, त्याच घराण्यातला. ही बुरशीच, पण ती सहसा आधीच दमलेल्या, उन्हानं भाजलेल्या किंवा दाटीवाटीत कोंडलेल्या पानावर येते. व्हँडाच्या जुन्या पानांवर हात फिरवल्यावर सँडपेपरसारखे काळे-जांभळे उंचवटे लागतात, तीही बुरशी. दोन्ही सावकाश चालतात. विचार करायला वेळ देतात.

डाग ओला लागला तर मात्र वेळ नाही. पान तिथे उकडल्यासारखं, अर्धपारदर्शक दिसतं, बोटाखाली दबतं, कधी कधी कुबट वासही येतो. हे काम जिवाणूंचं. दोन-तीन दिवसांत अख्खं पान जाऊ शकतं, आणि डाग गाभ्यापर्यंत पोचला तर झाडही. दुकानात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिसला याची भीती जास्त, कारण त्याच्या पानांच्या मधोमध वाटीसारखा खोलगट गाभा असतो. जंगलात हे झाड फांदीवरून तिरकं, खाली झुकून वाढतं, त्यामुळे पावसाचं पाणी ओघळून जातं. आपण त्याला कुंडीत ताठ उभं करतो आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर डोक्यावरून आंघोळ घालतो! ते पाणी रात्रभर गाभ्यात साचतं. पाणी सकाळी आणि मुळांना द्यायचं, गाभ्यात थेंब राहिला तर कागदी रुमालाच्या टोकानं टिपून घ्यायचा. एवढ्या एका सवयीनं जेवढी झाडं वाचतात, तेवढी कुठल्याही पुडीनं वाचत नाहीत.

खोडावरचा डाग जास्त बोलतो

पानाचं दुखणं पानापुरतं राहू शकतं, खोडाचं राहत नाही. म्हणून डाग कुठून सुरू झाला, हा तिसरा प्रश्न. बुंध्याशी, मातीच्या... म्हणजे कोळशाच्या पातळीवर सुरू होऊन काळा-जांभळा पट्टा वर चढत असेल, त्याला पिवळी कड असेल आणि पान नुसता हात लावताच गळून पडत असेल, तर तो ‘ब्लॅक रॉट’. कोकणात पावसात सुपारीवर कोळेरोग येतो, त्याच्याच गोतावळ्यातला. खोड बाहेरून सुकत चाललंय आणि आडवं कापल्यावर आत जांभळी कडी दिसते, तर ती फ्युजेरियम ही बुरशी. दोन्हींत काळा भाग संपून स्वच्छ हिरवा-पांढरा भाग लागेपर्यंत कापावंच लागतं. तिथे हात आखडता घेऊन चालत नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. डाग वाढतोय का? मार्करनं डागाच्या कडेनं रेघ ओढा, शेजारी तारीख टाका. तीन दिवसांनी बघा. रेघेच्या आतच असेल तर तो जुना घाव आहे. घाव पानावर कायमचा राहणार, पान पुन्हा हिरवं होत नसतं. पुष्कळ जणी ‘डाग जात नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा फवारतात, तो या गैरसमजापायी. डाग जायला नकोच आहे, थांबायला हवा.

आणि काही डागांना औषधच नाही. विषाणूमुळे पानावर खोलगट काळ्या रेघा, वर्तुळं, चट्टे उमटतात. जगभर ऑर्किडना सतावणारे असे दोन विषाणू प्रसिद्ध आहेत. नुसत्या डोळ्यांनी त्यांची खात्री होत नाही, प्रयोगशाळेतच होते. आणि ते एका झाडावरून दुसऱ्यावर जातात ते बहुतेकदा आपल्याच कात्रीनं. एक झाड, एक नवं ब्लेड हा नियम त्यासाठी. दहा रुपयांच्या आतलं ब्लेड बाराशेचं झाड वाचवतं. कात्रीच वापरायची तर गॅसच्या ज्योतीवर चांगली तापवून, गार करून मगच दुसऱ्या झाडाला लावायची.

‘सगळ्यावर चालतं’ ते कशावरच का चालत नाही?

आता त्या पुडीकडे येऊ. बुरशीनाशक जिवाणूंचं काही बिघडवत नाही. आणि ब्लॅक रॉटचा कर्ता दिसायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही, त्यामुळे कार्बेन्डॅझिमसारखं घरोघरी पोचलेलं बुरशीनाशकही त्याच्यावर चालत नाही. म्हणजे झाड सडतंय, आपण इमानदारीनं दर रविवारी फवारतोय, आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही! तांब्याची औषधं द्राक्षाला, सुपारीला वर्षानुवर्षं वापरतात, पण डेंड्रोबियमला ती सोसत नाहीत, फुलांवर असलेल्या ऑर्किडनाही नाहीत. नवे काळे डाग पडतात, ते औषधानंच. घरगुती उपायांचंही तेच. दालचिनीची पूड कापलेल्या पानाच्या कडेला लावली तर उपयोगी, कारण ती बुरशीला रोखते आणि जखम सुकवते. पण तीच मुळांवर पडली तर मुळंही सुकतात.

जिवाणूंसाठी म्हणून जी पावडर मिळते, तिच्यात बहुधा स्ट्रेप्टोमायसिन असतं. क्षयरोगाच्या इतिहासात ज्याचं नाव आदरानं घेतात, ते प्रतिजैविक. माणसाची प्रतिजैविकं शेतात उधळली तर जंतू त्यांना सरावतात, या काळजीनं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर थांबवण्यासाठी मसुदा काढला होता. शेतासाठी सरकारला जो विचार करावासा वाटला, तो चार कुंड्यांसाठी आपण करायला नको का?

आपल्या भाषेचीही इथे थोडी गंमत आहे, आणि थोडं भयही. आपण या सगळ्याला सरसकट ‘औषध’ म्हणतो. औषध मारलं, औषध फवारलं. आणि खेडोपाडी कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला की त्यालाही ‘औषध घेतलं’ असंच म्हणतात. बरं करणारी वस्तू आणि मारणारी वस्तू, दोघींना एकच शब्द! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जण आजारी पडले. आपल्या गॅलरीत तेवढं जहाल काही नसतं, मान्य. पण गॅलरी केवढी? ऑर्किडच्या शेजारी तुळस, पलीकडे कढीपत्ता, वर वाळत घातलेले मुलांचे कपडे, आत पाळण्यात झोपलेलं बाळ. शेतकरी निदान मोकळ्या हवेत असतो.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे डब्यावर हिऱ्याच्या आकाराचं चिन्ह असतं आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. हे रंग आपल्यापैकी किती जणींना माहीत आहेत? जेलीच्या पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका आपण बरोबर शोधतो. आणि दुकानदार पाच रुपयांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटी पावडर बांधून देतो, तिच्यावर तर रंगही नाही, नावही नाही, प्रमाणही नाही. ती घेऊच नये. लेबल नाही तर माल नाही, असं सरळ सांगावं.

पाहणं हेच अर्धं काम

कुणी म्हणेल, एका शोभेच्या झाडासाठी किती हा खटाटोप! आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत? मला यातला दुसरा भाग जास्त खटकतो. वनस्पतींच्या रोगांचा इतिहास उघडून बघा. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात एल्मची मोठमोठी झाडं भराभर वाळायला लागली. कुणी म्हणे दुष्काळ, कुणी म्हणे युद्धातल्या विषारी वायूंचा परिणाम. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक या बाईंची प्रयोगशाळा होती. १९१७ मध्ये त्या त्यांच्या देशातल्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या. त्यांची विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स हिनं १९२२ मध्ये सांगितलं, हे एका बुरशीचं काम आहे. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पाच वर्षांनी, १९२७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या क्रिस्टीन बाउसमननं निरोगी झाडांत ती बुरशी घालून तोच रोग उमटवून दाखवला. पुढे रोगाला तोंड देणारी एल्मची एक जात तिच्याच नावानं निघाली. सगळे अंदाज बांधत होते तेव्हा या बायकांनी झाड कापून आत बघितलं, एवढंच!

ही नजर आपल्याला परकी नाही. नासलेलं दूध वासावरून, पिकलेला आंबा देठाशी बोट लावून, किड लागलेले तांदूळ ताटात पसरून आपण ओळखतो. शीतावरून भाताची परीक्षा करणारीनं कुंडीपुढे उभं राहून मात्र ‘मला काय कळतंय’ म्हणावं, हे पटत नाही. अर्थात नुसत्या नजरेनं सगळं कळतं असाही माझा दावा नाही. चार प्रश्न विचारूनही उलगडा झाला नाही तर आजारी पान पिशवीत घालून कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जावं. ऑर्किडसाठी तर सिक्कीममध्ये पाक्योंगला १९९६ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. फॉरवर्ड झालेल्या सल्ल्यापेक्षा हे दरवाजे ठोठावलेले बरे.

मोठ्या शहरांतल्या नर्सरीवाल्यांकडूनही माझी एक मागणी आहे. दोन-दोन हजारांची झाडं विकता, तर एक भिंग आणि एक जाणता माणूस ठेवा. पुडी देण्याआधी त्यानं चार प्रश्न विचारावेत. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून ते विचारायला लावावेत. ‘कुठला रोग आहे ते सांगा, मग औषध घेते,’ हे वाक्य दहा जणींनी म्हटलं तरी दुकानात फरक पडेल.

आंबोलीला भर पावसात गेलात तर जांभळाच्या, आंब्याच्या खोडांवर मुक्कामाला आलेल्या आमरी बघा. आमरी म्हणजे आपल्या सह्याद्रीतली ऑर्किड. चार महिने कोसळता पाऊस अंगावर घेतात, कुणी फवारत नाही, आणि तरी सीतेची वेणी दरवर्षी फुलते. कारण मुळं उघड्यावर, सालीला बिलगलेली, आणि भिजल्यावर सुकवायला वारा. त्या घरी आणू नका, तिथेच राहू द्या. त्यांच्या पानांवरही नीट पाहिलं तर डाग असतातच. एखाददुसरं पान किडकं, एखादं करपलेलं. त्याच्यासकट झाड धडधाकट असतं.

तेव्हा या पावसाळ्यात कुंडीतल्या पानावर डाग दिसला की आधी कुंड्यांमध्ये वीतभर अंतर करा, वारा खेळू द्या, झाड पावसाच्या झोतातून आत घ्या. मग फडकं, बोट, मार्कर आणि कॅलेंडर हाताशी घ्या. ओला डाग असेल तर त्याच दिवशी, नव्या ब्लेडनं, निरोगी भागात बोटभर आत जाऊन कापून टाका. कोरडा असेल तर तीन दिवस थांबा. बाकी पुडी आणायची का, ते त्यानंतर ठरवा. बघा, पटतंय का!